'बदली'चा नवा पत्ता

प्रिय रीमा,

'प्रिय' लिहायचं नव्हतं, पण शाळेपासूनची सवय, हात ऐकत नाही. फोन केला असता, पण तुझा आवाज ऐकला की मी एक तर शिव्या घालीन नाहीतर रडेन, आणि मला दोन्ही नकोय.

इकडे कोन गावात सगळं तसंच. आईचे गुडघे दुखतात, आणि सकाळी पूर्णाच्या गोदामात जायला रिक्षा मिळेल तर शपथ. तुला म्हणे आता ऑफिसची गाडी न्यायला येते. आपल्या पॅकिंगमधली पार्वतीमावशी काम सुटून घरी बसलीय. तेही तुला माहीत असेलच.

आठवतं ना, 'बदली' आपण कशासाठी बनवली? गोदामात पॅकिंगला असताना एखादीला घरची अडचण आली की ड्युटी बदलायला सगळ्यांच्या हातापाया पडावं लागायचं. म्हणून फोनवरचा एक साधा प्रोग्राम: कुणाला कुठली शिफ्ट नको, कुणाला चालेल. मग तो ठेवायचा कुठे, यावरून तुमच्या ओट्यावर किती भांडलो गं! तुझं म्हणणं, कंपनीचा सर्व्हर फुकट मिळतोय. मी म्हटलं, मेले तरी नाही. उघड्या साइटवर ठेवू. आपला कोड कुणीही वाचेल, नेईल, सुधारेल; निजामपुऱ्यात कापडाच्या लूमवर शिफ्ट करणाऱ्यांनाही कामाला येईल. बायकांची नावं मात्र त्यांच्याच फोनमध्ये राहतील. तू हसून म्हणालीस, "बरं बाई, तुझंच खरं." खातं तुझ्या नावानं उघडलं आणि मी खुळी निर्धास्त झाले.

ताईच्या बाळंतपणाला मी पालघरला गेले. परत येते तर साइटवरची आपली जागा बंद, आणि 'बदली' कंपनीच्या सर्व्हरवर! वर मलाच म्हणालीस, अगं, जागाच तर बदलली. जागाच? कोड सगळ्यांना दिसायचा आणि नावं कुणालाच नाही, ते तू नेमकं उलटं करून टाकलंस. आता कोड कुणाला दिसेना आणि नावं साहेबाला बसल्याजागी दिसायला लागली. सगळ्यात जास्त बदल्या मावशीच्या. तिला नवऱ्याला डायलिसिसला न्यावं लागतं, अख्ख्या गोदामाला ठाऊक आहे. साहेबानं तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं आणि तुला सुपरवायझर केलं. मावशी माझ्याकडे आली. "माझा काय चुकला गो? तुमीच सांगितला ना, नाव टाक म्हनून." साहेबाचा मला राग नाही, तो साहेबच आहे. पण तू तिच्या डब्यातली भाकरी खाल्लीयस, रीमा. लाज कशी वाटली नाही?

जुनी प्रत माझ्या लॅपटॉपवर होती. ती मी दुसऱ्या उघड्या साइटवर ठेवली, माझ्या खात्यावर. सुरुवातीला कुणी हात लावेना. पॅकिंगमधली निशा तर म्हणाली, आता कुणावर विश्वास ठेवायचा, तुझ्यावर? आता कुठे एकेक बाई परत यायला लागलीय.

आणि परवा तिथं तुझी दुरुस्ती आली. ना चिठ्ठी, ना चपाटी, नुसता कोड. नाईट शिफ्ट बाराच्या पुढे गेली की तारीख चुकायची, ते मला काही केल्या सापडत नव्हतं. तू चार ओळींत बसवलंस. खोट निघते का म्हणून मी पुन्हापुन्हा वाचलं. नाही निघाली. फेकून द्यावंसं फार वाटलं गं. पण त्या चुकीपायी निशाचा फुकट खाडा लागला होता, म्हणून घेतली. तिथं सगळे वाचतात, म्हणून तिथं मी फक्त 'घेतली, आभार' एवढंच लिहिलंय. ते वाचून तू समजशील की झालं, मिटलं. मी ओळखते ना तुला! म्हणून हे पत्र. दुरुस्ती घेतलीय. तुला माफ केलेलं नाही.

एके काळी तुझीच,
रंजिता