बोहाड्याची फौज आणि तिच्या मित्रफौजेची वाटणी

मी, श्रीमती गोजाबाई देवराम भोये, वय वर्षे सदुसष्ट, सेवानिवृत्त मुख्याध्यापिका, राहणार जव्हार, सासर जामसर, जिल्हा पालघर, आज पूर्ण शुद्धीत आणि केवळ स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मला कोणताही गंभीर आजार नाही. पुढच्या महिन्यात पुण्याला स्पर्धेला जायचे आहे, त्याआधी कागद नीट करून ठेवावेत एवढाच हेतू. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यासाठी त्यांनी मला आज वार कोणता ते विचारले. मी वार सांगितला आणि त्यांच्या कॅलेंडरचे पान मागच्या महिन्याचे आहे, हेही सांगितले. त्यांनी लगेच सही केली.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. जव्हारचे राहते घर माझे यजमान कै. देवराम, एसटी आगारातले मेकॅनिक, आणि मी दोघांच्या पगारातून बांधले. ते माझी एकुलती मुलगी हर्षाली हिला मिळावे. तिने ते विकले तरी माझी हरकत नाही. मात्र मधल्या खोलीतले मोठे टेबल दारातून बाहेर निघत नाही, ते घरातच जोडलेले आहे. घेणाऱ्याला हे आधी सांगावे.

कलम २. जामसरची भातजमीन, देवरामच्या वाट्याची, हर्षालीच्या नावे व्हावी. ती आजवर माझे दीर रोहिदास भोये हेच कसत आले आहेत, आणि त्यांच्या हयातीत त्यांनीच कसावी. पीकही त्यांचेच. हर्षालीला वर्षाचे तांदूळ आणि थोडी नागली, म्हणजे नाचणी, पोचवावी. ठाण्यात मिळणाऱ्या नागलीला चव नसते असे ती म्हणते, आणि ते खरे आहे.

कलम ३. बँकेत जे असेल ते हर्षालीचे. दागिन्यांपैकी पुतळ्यांची माळ माझी नणंद रुपी हिला द्यावी. ती माळ तिला आवडते हे तिने कधी बोलून दाखवले नाही, पण प्रत्येक लग्नात ती माझ्या शेजारीच बसते.

कलम ४. आता माझ्या फौजेविषयी. हे कलम लांबणार आहे, कारण पुढे ही फौज कोणाला दाखवावी लागली तर तिचा इतिहास कागदावर असलेला बरा.

देवराम गेल्यावर पहिल्या पावसाळ्यात हर्षाली ठाण्याहून आली. सोबत तिच्या कंपनीतला देवानंद होता. 'सहकारी आहे' असे तिने सांगितले, आणि मी ते ऐकून घेतले. दोन दिवस वीज नव्हती. देवानंदने पिशवीतून एक खोका काढला. आत बोटभर उंचीचे प्लास्टिकचे शिपाई, फासे आणि मोजपट्टी. टेबलावर पुस्तकांचे डोंगर करायचे, शिपाई मांडायचे, पट्टीने मोजून पुढे न्यायचे आणि भिडले की फासे टाकायचे. प्रत्येक शिपायाला ठरावीक गुण असतात आणि दोन्ही फौजांचे गुण सारखे करून डाव सुरू होतो. मी सगळे नियम वाचून काढले आणि तिसऱ्या डावात त्याला हरवले.

तो म्हणाला, "आई, तुम्ही स्वतःची फौज करा. पण एक थीम ठरवा. सगळे शिपाई एकाच कथेतले वाटले पाहिजेत."

त्याने मोबाइलवर विकतच्या फौजा दाखवल्या. लोखंडी कपड्यातले गोरे सरदार, सांगाड्यांची पलटण, कसले कसले यंत्रमानव. यातले कोणी माझ्या ओळखीचे नव्हते. मी म्हटले, "मी बोहाड्याची फौज करणार."

त्याला बोहाडा ठाऊक नव्हता. मग सांगावे लागले: आमच्या गावांत चैत्राच्या सुमारास टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर एकेक सोंग नाचत येते. लाकडी किंवा कागदाच्या लगद्याचे मोठे मुखवटे. गणपती, सारजा म्हणजे सरस्वती, मारुती, रावण, त्राटिका, नरसिंह, आणि शेवटी म्हैसासुराशी लढणारी जगदंबा. माझे माहेर मोखाड्याकडचे. तिथे मुखवटा माझ्या वडिलांच्या घरात होता, नाचवायचा मान भावांना होता. मुलीने सोंग घ्यायचे नाही, असा रिवाज. मी सोंगांचे कपडे शिवले, मुखवट्यांना रंग दिले, आणि गर्दीत उभी राहून पाहिले. तेव्हा देवानंदने 'एक कथा निवडा' म्हटल्यावर मला फार वेळ लागला नाही.

प्लास्टिकच्या शिपायांची मुंडकी ब्लेडने कापली आणि एम-सीलचे मुखवटे घडवून बसवले. रावणाच्या तोंडांनी फार छळले. त्राटिका मात्र पहिल्याच खेपेला जमली. रंग शाळेत वापरायचे तेच.

कलम ५. माझ्या दिरांनी या फौजेविरुद्ध जे केले ते येथे नोंदवते. त्यात राग नाही.

रोहिदासभाऊ मोखाड्याला ग्रामसेवक होते. नोकरीतही शेतीसाठी येऊन-जाऊन असत, निवृत्त झाल्यावर जामसरलाच राहायला आले. एकदा जव्हारला माझ्याकडे आले तेव्हा त्यांनी टेबलावर जगदंबा पाहिली आणि चप्पल न काढता दारातच थांबले.

"वहिनी, देवांना फाशावर लावता? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी अजून पाहिले कुठे?"

"मीच सांगतो ना त्यांना."

आणि सांगितले. जामसरला बैठक बसली. मी फौज खोक्यात घालून एसटीने गेले. खोटे कशाला, बसमध्ये खोका मांडीवरून खाली ठेवला नाही. गावाने 'विसर्जन कर' म्हटले असते, तर मी केले असते, आणि त्यानंतर घरात काय उरले असते ते मला माहीत होते. देवराम गेल्यानंतर सकाळी उठायला कारण देणारी तेवढीच एक गोष्ट होती.

बैठकीत सगळ्यांत वडीलधारे फागूबाबा. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांचा बोहाडा पाहिलेला. मी सगळी सोंगे ओट्यावर मांडली. फागूबाबांनी डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाले, "गोजाबाय, हे चुकलं हाय."

मी खोक्याचे झाकण हातात घेतले.

"मारुती आदी कसा? आदी गणपती, मंग सारजा. मारुती मागनं येतो. लाव नीट."

मी नीट लावले. मग त्यांनी विचारले, "यात मरतो कोन?"

मी सांगितले की ज्याचा फासा कमी पडतो, तो शिपाई आडवा ठेवतात.

"राक्षस ठेव आडवा. देव नको ठेवू. सोंग दमलं तर घरात जातं, बस. उचलून बाजूला घे."

हाच निकाल लागला. तेव्हापासून माझ्या फौजेतला देव टेबलावर आडवा होत नाही. तो उचलून, कपाळाला लावून खोक्यात ठेवतात. पुढे ज्याच्याकडे ही फौज जाईल, त्याने हा नियम पाळावा. पुढे नाशिकला या खेळाची स्पर्धा झाली, तिथल्या पंचांनीही तो मान्य केला आहे.

रोहिदासभाऊ त्या दिवशी माझ्याच बसने जव्हारला आले. म्हणाले, नियम बरोबर पाळता की नाही ते बघायला येतो. पुढच्या रविवारी आले, त्याच्या पुढच्याही. मग एका रविवारी त्यांनी पिशवीतून स्वतःचे घोडेस्वार काढले. देवानंदकडून गुपचूप मागवले होते.

कलम ६. मित्रफौजेविषयी.

रोहिदासभाऊंच्या घोड्यांनी मला हरवून हरवून बेजार केले. माझी सगळी फौज पायदळ, तीही नाचत चालणारी. लांबून मारणारे कोणीच नाही.

"वहिनी, तुमची सोंगं नाचत पोचेतोवर माझे घोडे पाणी पिऊन परत येतात," असे ते म्हणत, आणि हसत.

नियमाप्रमाणे आपल्या फौजेत एक चतुर्थांश गुणांपर्यंत बाहेरची मित्रफौज घेता येते. देवानंदने तोफा सुचवल्या. पण बोहाड्याच्या मागे तोफा ओढणार कोण? रोहिदासभाऊंनी आपलेच घोडे देऊ केले, म्हणजे हरवणारे तेच आणि वाचवणारेही तेच. हर्षाली म्हणाली, वाघ घे. वाघ मला पटला होता, पण तोही लांबून मारत नाही. शिवाय वाघाने सोंगांना सोडून फक्त घोडेच खावेत, हे त्याला समजवायचे कोणी?

त्या आश्विनात मी जामसरला गेले होते. नागलीच्या शेतात राखणीच्या माचावर रुपी उभी होती आणि गोफणीने पाखरे उडवत होती. दगड सूं करून गेला आणि पार बांधापलीकडे पडला. मी तिथेच बसले आणि हसायला लागले. रुपीला वाटले मला ऊन लागले.

जव्हारला येऊन मी गोफणवाल्या बायका घडवल्या. कमरेला कासोटा, काहींच्या पाठीवर इरले, हातात दोऱ्याची गोफण. एकीचा चेहरा रुपीचा, एकीचा माझ्या आईचा.

रोहिदासभाऊंनी हरकत घेतली. "बोहाड्यात बायका नसतात."

"म्हणूनच तर त्या मित्रफौज," मी म्हटले. "आतल्या असत्या तर मूळ फौजेत घेतल्या असत्या."

त्यांनी नियमावली उघडली, वाचली, परत वाचली आणि मिटली. त्या रविवारी त्यांचे अर्धे घोडेस्वार माझ्या टेकडीपर्यंतही पोचले नाहीत.

नाशिकच्या स्पर्धेला देवानंद मला घेऊन गेला. पहिल्याच डावाला समोरच्या तरुणाने विचारले, "मावशी, नातवाची फौज धरून बसलात का?" त्याचे लोखंडी सरदार फार सुंदर रंगवलेले होते. मी ते मन लावून पाहिले, त्याला तसे सांगितले, आणि मग गोफणी चालवल्या. डाव संपल्यावर त्याने उठून नमस्कार केला आणि गोफण म्हणजे काय ते विचारले. त्याला मी माफ केले आहे. पुढचे दोन डाव मी हरले. पण उत्तम थीमचे बक्षीस बोहाड्याच्या फौजेला मिळाले. तो चषक जामसरच्या शाळेला द्यावा. त्यात खडू छान राहतात.

कलम ७. वाटणी.

बोहाड्याची मूळ फौज, सर्व सोंगे, संबळवाला आणि टेंभेकऱ्यांसह, रोहिदास भोये यांना मिळावी. ज्यांनी तक्रार केली, तेच ती सर्वांत जास्त जपतील. गणपतीच्या आधी मारुती ते कधी मांडणार नाहीत.

मित्रफौज, म्हणजे सर्व गोफणवाल्या बायका, हर्षालीला मिळाव्यात.

यामागचे कारण उघड लिहिते. हर्षालीने देवानंदशी लग्न केले तेव्हा आधी काकांना विचारले नाही. तो आपल्यातला नाही, म्हणून काका लग्नाला आले नाहीत. तेव्हापासून दोघे बोलत नाहीत. हर्षाली येणार असली की रोहिदासभाऊ आधीच्या एसटीने निघून जातात. मजा अशी की देवानंदशी मात्र ते फोनवर घोड्यांच्या नालांचा रंग कोणता असावा यावर तास तास बोलतात. मी दोघांना समजावून थकले. आता असे आहे की बायकांशिवाय सोंगे जिंकत नाहीत, आणि सोंगांशिवाय मित्रफौज एकटी मैदानात उतरू शकत नाही, तसा नियमच आहे. ज्याला खेळायचे असेल, त्याने दुसऱ्याला फोन करावा.

कलम ८. ब्लेड, ब्रश, एम-सील आणि भिंग देवानंदला द्यावे. माझे फासे त्याला देऊ नयेत, तो ते टाकताना फुंकर मारतो. फासे रुपीची मुलगी कविता हिला द्यावेत.

कलम ९. माझे दिवस साधेपणाने करावेत. जेवणात नागलीची भाकर आणि तिच्यासोबत उडदाच्या डाळीचे घट्ट भुजे असावे. भाषणे नकोत. शाळेत मी ती पुष्कळ ऐकली आहेत.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी रोहिदास भोये यांनी करावी. ते प्रत्येक ओळीला हरकत घेतील, म्हणजे एकही ओळ वाचायची राहणार नाही.

सह्या होण्याआधी वाढवलेला मजकूर:

वरील मजकूर लिहून झाल्यावर साक्षीदारांची वाट पाहत होतो. आज रविवार, त्यामुळे टेबलावर माझा आणि रोहिदासभाऊंचा डाव अर्ध्यावर मांडलेला. चाल त्यांची होती आणि ते बराच वेळ हनुवटीला हात लावून बसले होते. तेवढ्यात हर्षाली आली. ती संध्याकाळी येणार होती, त्या हिशेबाने दीर निवांत होते. आता एसटी गाठायची तर तिच्या शेजारून जावे लागणार होते. ते उठले, परत बसले.

हर्षालीने पिशवी खाली ठेवली आणि टेबलाकडे पाहिले. मग ती म्हणाली, "काका, घोडे ओढ्याकडून आणलेत तर गोफणीच्या टप्प्यात येतील."

रोहिदासभाऊंनी मोजपट्टी लावून पाहिली. खरेच येत होते.

"मंग कुठून आणू?"

"ते मी का सांगू? मी आईच्या बाजूची."

आधी रोहिदासभाऊ हसले. मग म्हणाले, "देवानंद नाय आला?"

"गाडी लावतोय. तुमच्यासाठी तपकिरी रंग आणलाय त्याने, नालांचा."

साक्षीदार कान्हाभाऊ तोवर आले होते. त्यांनी कागद वाचून विचारले, "बाई, सातव्या कलमातलं कारण आता खोडायचं का?" मी म्हटले, राहू द्या. फोन करायला कारण असलेले चांगले.

हे सर्व मी वाचले, मला मान्य आहे, म्हणून साक्षीदारांसमोर सही करते. सही टेबलाच्या कडेवरच करते आहे, कारण दुसरीकडे जागा नाही, आणि रोहिदासभाऊ घाई करत आहेत: "वहिनी, आटपा. तुमचं मृत्युपत्र माझ्या डोंगरावर आलंय."

ठिकाण: जव्हार, जिल्हा पालघर
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४

(सही) गोजाबाई देवराम भोये

साक्षीदार:
१. (सही) कान्हा लक्ष्या दिघा, निवृत्त एसटी वाहक, जव्हार
२. (सही) प्रमिला सोम्या वातास, परिचारिका, जव्हार