बाकाजवळची हरळी

दारव्हा, फाल्गुन, रविवार संध्याकाळ

आज लिहायलाच हवे, कारण बाबाराव चारचौघांत हरले.

कॉलनीच्या मैदानावर हिरवळ कमी आणि गाजरगवतच जास्त. अध्यक्ष म्हणून बाबारावांचा एकच धोशा, सिमेंटचे गट्टू बसवून टाकू. मी पाडव्यापर्यंत मुदत मागितली. गाजरगवत मुळासकट काढले, माती उकरली, शेणखत घातले, हरळीच्या काड्या खोचल्या, रोज पाणी दिले. बाबारावांचा जन्म कापसाच्या शेतीत गेला. कुंपणाशी उभे राहून हसायचे, "बाई, आमी जिंदगीभर हरळी उपटून राह्यलो, अन् तुमी लावून राह्यल्या? काहून?"

"तुमच्या पऱ्हाटीत ती चोर असेल. इथे मालकीण आहे," मी म्हटले.

आज मैदान हिरवेगार आहे. फक्त बाकाजवळचा तुकडा टकला. सकाळची बैठक मी मुद्दाम गवतावरच घेतली, चपला बाहेर काढायला लावून. बाबाराव बराच वेळ तळव्याने गवत दाबत बसले. मग म्हणाले, "राहू द्या गट्टू."

जिंकले! मग दिवसभर तो बाकाजवळचा तुकडाच का डोळ्यांपुढे? काड्या संपल्या, आता आणायच्या कुठून?

दिवेलागणीला दारात बाबाराव, खांद्यावर ओझे. "वावरात वखर चालला आज. निघाली ते फेकाले मन नाही झालं, बाई. तुमच्या त्या टकल्या जागेले होईन."

हसले नाहीत. मीही नाही.

मिळाले: हरळी, एक पोते, मुळांसकट, पाणी शिंपडून आणलेली.