बारा दिवसांचा शाफ्ट

कडाव, रविवार

चि. रूपालीस दशरथमामाचे पोटभर आशीर्वाद. इकडे आम्ही सारे धडधाकट, तुझी मामी तर जरा जास्तच. खालापूरच्या कंपनीत तुझं बरं चाललंय ना? वेळेवर जेवतेस ना? पत्र अशासाठी, की फोनवर तू मला बोलूच देत नाहीस आणि आज मला शेवटपर्यंत बोलायचं आहे. कारण पैज मी जिंकलोय!

आठवत असेलच, तरी लिहितो. आपल्या भातगिरणीच्या शाफ्टला केसाएवढी चीर दिसली. तू फूटपट्टी धरून फोटो काढलेस आणि चार दिवसांनी कॉम्प्युटरवरचं चित्र पाठवलंस (शाफ्टभर मासे धरायच्या जाळ्यासारख्या रेघा, चिरेच्या टोकाशी लालभडक, मामी म्हणाली, गोवर आलाय). दर फेऱ्याला चीर किती सरकते ते मांडून तू फोनवर सांगितलंस, शाफ्ट बारा दिवस टिकेल (पुढेही काही बोललीस, पण गिरणी सुरू होती). शिळफाट्याच्या दत्ता लेथवाल्याने नव्या शाफ्टला पंधरा दिवस सांगितलेले. मी म्हटलं, तीस वर्षं मी कानाने गिरणी चालवतोय. तुझा कॉम्प्युटर खरा ठरला तर आमच्या विनिताला इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेला बसवीन. खोटा ठरला तर पोरगी माझ्याबरोबर गिरणीत बसेल.

चूक एवढीच झाली, की हे मी चहावाल्या गजाला सांगितलं. संध्याकाळपर्यंत पोत्यांची रांग रस्त्याला भिडली. तुटायच्या आत आपलं भात भरडून घ्यायला जो तो घायकुतीला आलेला, त्यामुळे गिरणी पहाटेपासून रात्रीच्या जेवणवेळेपर्यंत धडधडत होती. तू सांगितलेली लोखंडी जाळी मी शाफ्टभोवती लावली (घाबरून नव्हे, मामीने जेवण बंद करायची धमकी दिली म्हणून). बारावा दिवस येत्या शुक्रवारी. शेजारच्या चिमाकाकूने नारळ आणून ठेवला, गजाने भेळवाल्याला सांगून ठेवलं.

आणि काल, सहाव्याच दिवशी, दिवेलागणीला शाफ्ट काडकन तुटला! तुकडा जाळीने अडवला. बघायला फक्त मी आणि एक कोंबडी. गाव धावत आलं, पण माझी विचारपूस राहिली बाजूला, गजा माझ्यावरच उखडला, "शुक्रवारी तुटनार व्हता ना? आजच कशाला तोडलास रं?"

तर बाराचे सहा झाले. अशा कॉम्प्युटरच्या भरवशावर पोरीला कशी धाडू? आणि खरं सांगू, रूपाली, ती गेली की दिवसभर माझ्याशी हुज्जत घालायला कोण उरणार? या विचारानेच मला गिरणी सुनी वाटते.

तुझा जिंकलेला,
दशरथमामा

ता. क. पाकीट पोस्टात टाकायला विनिताकडे दिलं. तिने ते फोडून वाचलं आणि हाताला धरून मला स्विचबोर्डापाशी नेलं. तिथे भिंतीवर कोळशाच्या रेघा. मला वाटायचं, चित्रं काढते. मोटार सुरू-बंद केल्याच्या साऱ्या वेळा होत्या त्या! म्हणाली, "ताई म्हनाली व्हती, रोज आठ तास चालली तर बारा दिवस. म्हंजे शहाण्णव तास. आपली सहा दिवसांत चौऱ्याण्णव चालली. चीर दिवस मोजत नाय, बाबा, फेरे मोजते." तरी दोन तासांची चूक आहेच, हे ध्यानात ठेव.

ता. क. २. फॉर्म भरला. नारळ विनितासमोर फोडला. भेळवाला शुक्रवारी येतोच आहे, तूही ये. आणि एक काम कर. नव्या शाफ्टचे फोटो पाठवतो, तोही कॉम्प्युटरात घाल. रोज आठच तास चालवीन, मामीची शपथ. चार वर्षं टिकेल का, एवढंच बघ. पुढचं विनिता बघेल.