सात किलोमीटर पूर्वेला

३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नमस्कार सवयीने लिहिला आहे, त्यावर जाऊ नकोस. फोन तू मध्येच ठेवून देतोस, म्हणून वहिनीच्या पिशवीतून चिठ्ठी पाठवतो आहे.

काल तू नकाशावर फुली मारून दिलेल्या जागी, पाण्याच्या टाकीपाशी, आपल्या आकाशदर्शन मंडळाचे आम्ही बावीस जण नऊपासून उभे होतो. दहा एकेचाळीसला अंतराळ स्थानक सूर्यासमोरून जायचं होतं. मी साठ फोटो काढले. साठांतही नुसता सूर्य, अगदी स्वच्छ. वर्तमानपत्राची बाई म्हणाली, की यान बहुधा रजेवर असेल. सगळे हसले. तोंड लपवायला मीही हसलो.

अध्यक्ष हेडमास्तरांना मी सांगून टाकलं, की दादाने कक्षेचे जुने आकडे धरले, चुकलं. वय झालं की होतं असं. यापुढे तू काढलेली जागा आधी औषधवाल्याच्या मुलीकडे जाईल, ती संगणकावर तपासेल. जमीनमोजणीत तीस वर्षं घालवलीस म्हणून आकाश काही तुझ्या बापाचं नाही. (बाप एकच आहे, ठाऊक आहे.)

लोभ ठेवायचा की नाही, तुझं तू ठरव.
धाकटा


४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझी चिठ्ठी तीनदा वाचली. चौथ्यांदा तुझ्या वहिनीने हातातून काढून घेतली.

नोव्हेंबरातला तुझा गाजलेला फोटो आठव. स्थानक सूर्यावरून जाताना फक्त पाचेक किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातून दिसतं. त्या पट्ट्याबाहेर जन्मभर उभा राहिलास तरी काही दिसायचं नाही. तो पट्टा मी अकरा दिवस आकडे मांडून काढला. वर्तमानपत्रात तुझं नाव आलं, तुझ्या स्टुडिओचं आलं, कॅमेऱ्याच्या स्टँडचंसुद्धा कौतुक आलं. माझं नाव नाही. विचारलं तर म्हणालास, जागा काय, कुणीही सांगेल.

म्हणून या वेळी जागा सांगितली. फुली सात किलोमीटर पूर्वेला मारली, मुद्दाम. मी स्वतः रेल्वे फाटकापलीकडे होतो, दुर्बिणीतून पांढऱ्या कागदावर सूर्य पाडून. दहा एकेचाळीस आणि अठरा सेकंदांनी ठिपका गेला. मी सतरा मांडले होते.

मला लबाड म्हण, खुनशी म्हण. चुकलं म्हणायचं नाही. या पत्राची नक्कल आणि सगळे आकडे हेडमास्तरांना आजच पाठवले आहेत.

लोभ आहेच. तूर्त तो दाखवायची इच्छा नाही.
दादा


९ फेब्रुवारी

ती. दादास,

या वेळी नमस्कार नाही.

औषधवाल्याच्या मुलीने त्याच दिवशी संध्याकाळी गणित करून पाहिलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाली, की काका, दादांची वेळ सेकंदाला जुळते आणि जागा तेवढी सात किलोमीटर सरकली आहे. असं चुकून होत नाही, हाताने करावं लागतं. मी तिला गप्प राहायला सांगितलं. तुला चिठ्ठी लिहिली ती त्यानंतर. वय झालं, जुने आकडे धरले, हे सगळं ठाऊक असून लिहिलं. चुकलेल्या माणसाला मंडळ सांभाळून घेतं. मुद्दाम भलतीकडे पाठवणाऱ्याने सांगितलेल्या जागी पुन्हा कोण उभं राहील? वाटलं, दोन आठवडे फुगून बसशील आणि मग आकड्यांची वही घेऊन मंडळात येशील. तू तर स्वतःच्याच हाताने कागद नेऊन दिलास.

हेडमास्तरांनी तुझं पत्र काल बैठकीत मोठ्याने वाचलं. जागा काढण्याचं काम तुझ्याकडून गेलं. विरोधात एकच हात वर होता. कुणाचा ते विचारू नकोस, त्याला पश्चात्ताप होतो आहे.

नोव्हेंबरात तुझं नाव द्यायला मी विसरलो नव्हतो. तो फोटो मला एकट्याचा हवा होता. हे कबूल केलं म्हणून माझा राग कमी झाला असं समजू नकोस. बावीस माणसं उन्हात उभी केलीस.

लोभ राहिला असेल तेवढाच असू दे.
धाकटा


२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

उद्या स्थानक पुन्हा सूर्यावरून जातं आहे, त्याची जागा मी काढली. कुणी विचारली नव्हती, पण आकडे आले की हात थांबत नाही.

औषधवाल्याच्या मुलीने गिरणीमागचं मैदान सांगितल्याचं तुझ्या वहिनीकडून कळलं. माझ्या आकड्यांनी पट्ट्याची मधली रेघ तिथून पाऊण किलोमीटर उत्तरेला पडते. पट्टा रुंद आहे, दोन्हीकडून दिसेल. पण गिरणीमागून बघताना ठिपका बिंबाच्या बरोबर मधून गेला तर तिचं गणित खरं आणि जरा बाजूने गेला तर माझं. तुझ्या फोटोत ते स्वच्छ कळेल. काय निघेल ते तूच सगळ्यांना सांग. माझं आता कोण ऐकणार?

मी माझ्या रेघेवर जाणार नाही. गिरणीमागेच येईन, ती सांगेल तिथे, सगळ्यांच्या मागे उभा राहीन. तुझ्याशी बोलणार नाही.

स्टँड घट्ट रोव, तिथे वारा फार असतो. बाकी लोभाचं नंतर बघू.
दादा