आधी त्यांचं, मग तुझं

मॅडम, आज शनिवार आहे आणि शेवटचा तास संपून बराच वेळ झाला तरी मी स्टाफरूममधून हललेली नाही. शिपाई मामा दारातून डोकावले. "मॅडम, पंखा बंद करू काय?" मी म्हटलं, करा. ते बटणापाशी पोचेपर्यंत म्हटलं, नको, राहू द्या. बाईंचं डोकं ठिकाणावर नाही हे त्यांनी ओळखलं असणार. तहान नसताना दोनदा पाणी पिऊन आले. मोबाइल पर्समध्ये टाकला, काढला, पुन्हा टाकला. मी तुमच्याच टेबलावर बसून लिहितेय असं म्हणता आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण तुमचं टेबल वाळवीनं केव्हाच खाल्लं. आता इथे सनमायकाची टेबलं आलीत आणि त्यांवर चहाचे डाग राहत नाहीत, एवढीच काय ती प्रगती.

तुम्ही गेलात तेव्हा मला इथे लागून जेमतेम वर्ष झालं होतं. तुमचंच कॉलेज, तुमचाच विषय, तोच शनिवारचा तास. कम्युनिकेशन स्किल्स म्हटलं की मुलं अजूनही म्हणतात, "टाइमपास लेक्चर आहे रे, हजेरी लागली की कल्टी." प्रवेशाच्या वेळी पालक विचारतात, "म्हणजे इंग्लिश स्पीकिंगच ना?" आणि मी हो-नाही काहीतरी पुटपुटते, कारण मागे रांग असते. पण दोन-तीन वर्षांनी एखादा परत येतो. परवा एक आलेला, कल्याणमधल्याच एका हॉस्पिटलात बिलिंगला बसतो. म्हणाला, "मॅडम, अकाउंट्सचं सगळं विसरलो, ते कॉम्प्युटरच करतो. पण पेशंटचा माणूस ओरडायला लागला ना, की मी त्याचंच त्याला परत सांगतो, तुम्ही शिकवलेलं तसं. अर्धा तिथेच थंड होतो." तो गेल्यावर दिवसभर माझी कॉलर ताठ होती. साडीला कॉलर नसते, तरी होती. या विषयाचं महत्त्व मी कुणालाही पटवून देऊ शकते, मॅडम. फक्त माझ्या घरात सध्या ते कुणी ऐकून घ्यायचं नाही.

माझी मुलगी ठाण्याच्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. आहे म्हणू की होती म्हणू, हे सोमवारी कळेल. मंगळवारी तिचं प्रेझेंटेशन होतं, याच विषयातलं. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी असं तिथे चालतं. तिनं विषय घेतला राब. पावसाच्या आधी शेतात पालापाचोळा आणि शेण पसरून जाळायचं आणि त्या भाजलेल्या जमिनीत भाताचं बी टाकायचं, ते सगळं तिनं तिच्या आबांकडून, म्हणजे माझ्या बाबांकडून, समजून घेतलेलं. आंबिवलीच्या पुढे आमच्या गावात आता भातापेक्षा बिल्डिंगा जास्त उगवतात. बाबांच्या जमिनीवरही उगवल्या, पण म्हातारा हट्टानं एक तुकडा अजून लावतो. माझ्या नोकरीपायी मुलगी लहानपणी दिवसभर त्यांच्याकडे असायची, म्हणून आमची आगरी बोली तिच्या तोंडात माझ्यापेक्षा जास्त बसली आहे. बोलता बोलता ती रंगात आली आणि "आमच्या शेतात"ऐवजी "आमचे शेतान" असं म्हणून गेली. मागच्या बाकावरून कुणीतरी नक्कल केली आणि सगळा वर्ग खिदळला. शिकवणारी पोरगी तरुण आहे, वाईट नाही. ती म्हणाली, "कंटेंट छान आहे, पण आधी भाषा सुधार. इंटरव्ह्यूला हे गावठी चालणार नाही. सोमवारी परत कर."

संध्याकाळी मी तांदळाच्या भाकऱ्या थापत होते आणि ती फ्रीजला टेकून मला हे सांगत होती. तिचं सांगून व्हायच्या आधीच मी सुरू झाले. आधी मोबाइलवर रेकॉर्ड कर, म्हणजे कुठे घसरतेस ते कळेल. सावकाश बोल. नजर मागच्या भिंतीवर ठेव. आणि घरात, शेतात, असे शब्द घोटून ठेव आधी. हात पिठात, तोंड चालू. मला अगदी मनापासून वाटत होतं की मी मदत करतेय.

"आई," ती म्हणाली, "मी आत्ता तुला काय सांगितलं?"

"हसले ना तुला? तेच की."

"ते शेवटी सांगितलं. त्याच्या आधी काय सांगितलं?"

मला सांगता येईना. मी आठवत राहिले आणि तव्यावरची भाकरी करपली. ती आत गेली, बॅग भरली, रिक्षा पकडून आबांकडे गेली. तिथून तिच्या बाबांना मेसेज केला, सोमवारीच काय, कॉलेजलाच जाणार नाही. आमचे हे काल तिला भेटून आले. मी दारातच विचारलं, काय म्हणाली? "मला जेवायला वाढलं, हसली, आबांची चेष्टा केली. तुझं नाव काढलं की गप्प. आता तूच बघ बाई, तुझा विषय आहे." नवऱ्यांना टोमणा मारायला मुहूर्त लागत नाही.

तेव्हापासून मला तुमचा तास आठवतोय. पहिल्या दिवशी तुम्ही डोंबिवलीहून पिशवीत घालून टेपरेकॉर्डर आणला होता. एकेकाला उभं करून नाव, गाव, घरी कोण कोण, एवढं बोलायला लावलंत आणि मग सगळ्यांना ऐकवलंत. माझी पाळी आली तेव्हा मी कानावर हात ठेवले. हा माझा आवाज नाही, मी म्हटलं. "हाच आहे," तुम्ही म्हणालात. "दुसरा मिळणार नाही, याच्याशीच जमवून घे." तुमचं मराठी असं, की पेपरात छापलं तरी एक काना इकडचा तिकडे व्हायचा नाही. पण माझ्या बोलण्याला तुम्ही कधी हात लावला नाहीत. नोकरी लागली तेव्हा तो टेपरेकॉर्डर तुम्ही मला दिलात. आणि मी मुलांना आवाज रेकॉर्ड करायला सांगते तो चुका शोधायला.

दुसऱ्या वर्षाला मला दिवा गावाकडचं स्थळ आलं, चांगलं गडगंज. मला नको होतं. आमच्या घरात असं कुणी बापाला सांगितलेलं नव्हतं, म्हणून मी तुमच्या तासाला शिकलेलं सगळं वापरायचं ठरवलं. आरशासमोर तयारी केली. मग बाबा ओटीवर बसलेले असताना समोर ताठ उभी राहून म्हणाले, "बाबा, मला आपल्याशी एका महत्त्वाच्या विषयावर बोलायचं आहे." त्यांनी मागे वळून बघितलं, आपल्यामागे कोण उभं आहे म्हणून. मग आईला हाक मारली. "आयकलंस काय गो? तुजी सोकरी माज्याशी पावन्यासारकी बोलते. मी काय तहसीलदार हाय?" मी पुढची वाक्यं म्हणून टाकली, पाठ केलेली. ते लग्नाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. त्यांना राग आला तो वेगळाच, पोरगी घरात परक्या भाषेत बोलली याचा. बापाशी शुद्ध बोलणं म्हणजे बापाला दाराबाहेर उभं करणं, हे आमच्या गावात शेंबड्या पोराला कळतं. मला कळलं नाही, कारण मी नुकतीच हुशार झाले होते.

"कोन मास्तरीन हे शिकवते, तिला बगून येतो," म्हणाले आणि खरंच आले. कडक पांढरे कपडे, गळ्यात चेन, बुलेट थेट कॉलेजच्या पायरीपर्यंत. मी जिन्याआड लपले होते. मला वाटलं, आज माझं शिक्षण संपलं. तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत, पाणी दिलंत आणि म्हणालात, "बरं झालं आलात. माझा तास आहे, चला."

मी डोळे मिटते आणि बाबा अजून त्या फळ्यासमोर उभे आहेत. भांडायला आलेला माणूस, आणि समोर साठ पोरं. एक हात चेनवर. "माजे भावाची पोर मुंबयला शिकली," ते म्हणतात. "आता गनपतीला येते. सोप्यावर बसते, पेपर वाचते, जाते. आमी तिच्याशी काय बोलायचा, नी ती आमच्याशी काय बोलंल? आमचे घरान बायका बोलतान, पुरुस बोलतान, आयकायचा काम कोनी घेतलाच नाय." मुलं हसतात, तेही थोडे हसतात. तुम्ही वर्गाला विचारता, "काका काय म्हणाले? कोण सांगेल?" एक मुलगा म्हणतो, काका शिक्षणाच्या विरोधात आहेत. "काका, असं म्हणालात?" बाबा मान हलवतात, नाय. एक मुलगी म्हणते, काकांना पुतणीचा राग आलाय. "नाय गो बाय." मग तुम्ही माझ्याकडे बघता.

मी उठले. म्हणाले, बाबांना वाटतं मुली शिकल्या की बदलतात, पण मला असं वाटतं की... "तुझं नंतर," तुम्ही म्हणालात. "आधी त्यांचं." मी पुन्हा सुरू केलं आणि पुन्हा त्या 'पण'वर येऊन आदळले. तेव्हा तुम्ही चिडलात, मी तुम्हाला तेवढंच एकदा चिडलेलं पाहिलं. "तो पण खाली ठेव आणि मग बोल! तुला ऐकू येतंय का त्यांचं, की तू फक्त तुझी पाळी यायची वाट बघते आहेस?" मी बाबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, फळ्याकडे बघत होते. आणि मी शुद्धबिद्ध सगळं विसरून म्हणाले, "बाबांना भेव वाटतो. मी शिकलू नी घरान आलू, तर बाबांशी बोलायला माजेकडं कायच नसंल."

वर्ग हसला नाही. बाबांचा चेनवरचा हात खाली आला. मग म्हणाले, "हां. तसाच हाय." तुम्ही म्हणालात, आता तुझं सांग. माझं एवढंच उरलं होतं. मी म्हटलं, "मना आत्ता लगीन नाय करायचा." बाबा म्हणाले, "मंग पयलं असा सांगायचा ना!" बुलेटवर मागे बसवून मला घरी नेलं आणि वाटेत एवढंच म्हणाले की तुजी मास्तरीन कायच बोलली नाय, नी जिंकली. दिव्याच्या लोकांना त्यांनी पोर शिकते म्हणून कळवलं. माझी सगळी नोकरी, हे घर, ही मुलगीसुद्धा त्या एका तासातून आली आहे, मॅडम. तुमच्यासमोर हे कधी बोलले नाही, कारण तुम्ही लगेच म्हणाला असतात, बरं, पुढचा.

आता माझ्या मुलीचं. काल रात्रभर आणि आज तासाला फळ्यावर लिहितानाही मी तिचं बोलणं जुळवत होते. हसण्याच्या आधी काय सांगितलं होतं तिनं? आता सगळं आठवतंय. ती म्हणाली होती, बोलताना तिला आबा समोर दिसत होते. राब पेटल्यावर जो वास सुटतो तो वर्गाला कसा सांगायचा, ते तिला सुचत नव्हतं आणि मग आबांचेच शब्द आले. ती म्हणाली होती, "आई, पहिल्यांदा मला बोलताना भीती वाटली नाही." हे ती आनंदानं सांगत होती. आणि मी भाकरी थापत, नजर मागच्या भिंतीवर ठेव म्हणत होते.

मग जा ना, तुम्ही म्हणाल. रिक्षानं असा कितीसा वेळ लागतो? परवा सोमवार आहे. ती गेली नाही तर नुसतं प्रेझेंटेशन जाणार नाही, मी तिला ओळखते, ती आमच्या म्हाताऱ्यावर गेली आहे, सोडलं की सोडलं. जाऊन तिचंच तिला परत सांगायचं, तिनं "हो, असंच" म्हटलं की मग आपलं. वीस वर्षांहून जास्त मी हे शिकवतेय, मला येतं. मघाशी पर्स उचलून फाटकापर्यंत गेलेसुद्धा होते. परत आले.

कारण तिचं अजून एक आहे, जे ती बोलली नाही. वर्ग हसल्याबद्दल कुणी कॉलेज सोडत नाही, मॅडम, निदान आमच्यातली पोर तरी नाही. ती त्या हसण्यासकट घरी आली होती, मला सगळं सांगायला. "आमचे शेतान म्हणाले मी" असं ती हसत हसतच म्हणाली आणि तेव्हा तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. तिथून तिचा आवाज बदलला. मी गेले तर माझ्या तोंडावर तिनं जे वाचलं ते खरं का, हे ती विचारेल आणि मला नाही म्हणता येणार नाही. मला त्या क्षणी लाज वाटली होती. तिच्यासाठी नाही वाटली. तिची वाटली.