‘पुन्हा’ म्हणायचा मान

सोमवार, ११ नोव्हेंबर. दुपार.

सगळ्यात आधी उतरली ती लानुओला. बस पुरती थांबलीसुद्धा नव्हती. फालेतोआ गावची कॅप्टन ना ती, पाय जमिनीला लागायच्या आत नजर आमच्या खेळपट्टीवर. मग तिच्या दोघी जावा, मग बॅटी, मग ढोल, मग उरलेल्या बाया. बावीस जणी! मी सगळ्यांना पंधरा सांगितल्या होत्या. पेपे, म्हणजे माझी सून, आमच्या टीमची कॅप्टन, तिने एकदा बसकडे बघितलं, एकदा चुलीकडे बघितलं आणि पदर नसताना पदर खोचल्यासारखं केलं. मी मात्र खूश. चार माणसं आली की घर घरासारखं वाटतं.

उतरल्या माझ्याच घरी. गावात एवढं मोठं, नुसत्या खांबांवरचं, सगळीकडून उघडं घर आहे कुणाचं दुसरं? मी आपली स्वयंपाकाच्या खोपीत पथारी टाकली.

ही वही सिएनीच्या शाळेतली. पानं कोरी होती. मी दोनच यत्ता शिकले, पण अक्षर पाद्रीणबाईंपेक्षा बरं आहे. हा आठवडा मोठा आहे म्हणून लिहून ठेवते. सिएनी माझ्या लेकीची मुलगी. लेक ऑकलंडला गेली तेव्हापासून मीच वाढवली तिला. आता ती समुद्रापलीकडे आपिया शहरात असते, आणि येत्या रविवारी तिच्या मुलीचा बाप्तिस्मा. माझी पहिली पणती! सिएनीने फोनवर सांगितलंय, “आजी, तू येऊन मांडीवर घेतलंस तर नाव तुझं. मोएलागी. नाही आलीस तर सासूबाई टपूनच बसल्यात.” सासूबाई म्हणजे फुआतिनो. तिच्यावर शाई घालवत नाही.

बेत असा: आज मॅच जिंकायची. उद्या पाहुण्या परत. परवाच्या बोटीने मी आपियाला. फुआतिनोच्या आधी बाळाला तेल लावायला मीच.

संध्याकाळ.

हरलो. बावन्न रनांनी. ऊन डोळ्यांवर होतं.

आमच्या बेटावर रीत अशी की यजमान हरले, तर त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्क बॉलरने ठरवायचं. तिने ‘पुन्हा’ म्हटलं की पाहुण्यांनी थांबायचं, परत खेळायचं. आणि थांबतील तोवर यजमानांनी खाऊ घालायचं. ती गप्प बसली तर निरोपाचं गाणं, आणि बस. तो मान माझा. एकाहत्तर पूर्ण.

मी गप्पच बसणार होते. देवाशपथ. पण लानुओला बॅट पुसता पुसता गोड हसून म्हणाली, “मावशी, या वयात खांदा दुखत असेल नाही?”

पुन्हा, म्हटलं मी.

मंगळवार, १२ नोव्हेंबर.

हरलो. पासष्ट रनांनी.

माझी बॉलिंग उत्तम झाली. लानुओलाने माझा एक बॉल मारला तो माडांवरून थेट समुद्रात. आता बॉल एवढा लांब जातो म्हणजे टाकणारीने किती जोरात टाकला असेल! हे कुणाच्या लक्षात येत नाही. पेपे म्हणाली, “आई, तुम्ही उद्या शिट्टी घेऊन नाचायचं बघा. पोरींना चेव येतो.” मला बॉलिंगवरून काढायचं चाललंय. मी म्हटलं, मी लग्न होऊन आले तेव्हा तुझ्या नवऱ्याचा पत्ता नव्हता, आणि बॉल माझ्या हातात होता.

‘पुन्हा’ म्हटलं. पण उद्या विश्रांती, बॉलही दुसरा करायचाय. म्हणजे बुधवारची बोट गेली. काही बिघडत नाही, गुरुवारची आहे.

बुधवार, १३ नोव्हेंबर. जेवणानंतर.

बोटीचा भोंगा इथपर्यंत ऐकू आला. आज वाऱ्याची दिशाच तशी.

बावीस जणींसाठी दिवसभर नीरफणस सोलून बोटं काळी पडली, पण गप्पा काय रंगल्या! लानुओला बारा वर्षं ऑकलंडला होती. क्रिकेटच्या मोठ्या मैदानात खुर्च्या पुसायचं काम. त्यामुळे तिला जगातल्या टीम तोंडपाठ. म्हणाली, “मावशी, त्यांच्यात एका बाजूला फक्त अकरा खेळतात.”

“आणि बाकीचं गाव?”

“बाकीचं गाव तिकीट काढून बघतं.”

अगं बाई! खेळायला घेतलं नाही ते नाही, वर तिकीट?

खेळ मूळचा इंग्रजांचा, म्हणे. असेल. आमचे आजोबाही तेच सांगायचे. इंग्रजांची बॅट पातळ, एका बाजूने सपाट. झाडं कमी असावीत त्यांच्याकडे. आपल्या लोकांनी बघितलं, म्हणाले, खेळ चांगला आहे पण अर्धवट आहे. मग बॅटीला तीन बाजू केल्या, मूठ काथ्याने गुंडाळली, नाच घातला, ढोल घातले, जेवण घातलं. तेव्हा कुठे खेळाला चव आली. आजोबांच्या वेळी एकेक मॅच महिना महिना चालायची. तेव्हा इथे राज्य जर्मनांचं, मग त्यांच्या सरकारने बंधनं घातली, लोक मळ्यात जाईनात म्हणून. आजोबा म्हणायचे, ते सांगायचं कारण. खरं कारण, त्यांना खेळता येत नव्हतं.

वेस्ट इंडीज म्हणून जी टीम आहे ती एक देश नाहीच. पुष्कळ बेटांनी मिळून एक टीम केलीय. शहाणी माणसं. आम्ही तर शेजारच्या गावाबरोबर मिळून खड्डा बुजवत नाही. भारतात मॅच असली की अख्खा देश बसून बघतो, म्हणे. मी विचारलं, मग चुलीपाशी कोण असतं? लानुओला म्हणाली, तेवढं काही तिला कळलं नव्हतं.

आणि इंग्रजांनी ज्याला ज्याला हा खेळ शिकवला, त्याच्या त्याच्या हातून मार खाल्ला. सगळ्या बाया हसल्या. मी नाही हसले. शिकवणाऱ्याचं मन मोठं लागतं. मी तरी दोन दिवस फालेतोआच्या पोरींसाठी दुसरं काय करतेय?

त्यांच्यात पाच-पाच दिवसांची मॅच असते आणि शेवटी कधी कधी कुणीच जिंकत नाही. मी विचारलं, मग कुणी ‘पुन्हा’ म्हणत नाही? “नाही हो मावशी. तसा मान कुणाला नसतो. तारीख संपली की आपापल्या घरी जातात.” असं म्हणून तिने केवढा मोठा उसासा टाकला, आणि रस्त्याकडे बघत बसली. बिचारीला ऑकलंडची आठवण येत असणार.

गुरुवार, १४ नोव्हेंबर.

हरलो. किती रनांनी ते पाद्रीणबाईंना माहीत, त्या अंपायर. वारा उलटा होता.

सकाळी डुक्कर कापलं. बाप्तिस्म्यासाठी राखलेलं, दीड वर्षाचं. कोंबड्या काल संपल्या आणि पाहुण्यांना नुसत्या अळूच्या कंदांवर आणि डब्यातल्या मासळीवर कसं ठेवायचं? हल्ली पेपे बोलतच नाही, भांडी बोलतात तिच्या वतीने. मी म्हटलं, अगं, आपियात डुकरं काय मिळत नाहीत? बाळाला दात तरी आहेत का?

‘पुन्हा’ म्हणायचं नाही असं सकाळीच ठरवलं होतं. कानाला खडा लावला होता. पण मॅच संपल्यावर फालेतोआची एक बाई आधीच चटई गुंडाळायला लागली. मला विचारायच्या आधी! मान म्हणून काही राहिला की नाही?

उद्या जिंकून संध्याकाळच्या बोटीने जाते.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर.

आज त्यांचा धीर सुटला. मी लिहिलं होतं ना, माझी बॉलिंग बसत चाललीय.

लानुओला बॅट खांद्यावर टाकून नुसती उभी. स्टंप सगळे उघडे. ढोल सुद्धा थांबले. पहिला बॉल मी टाकला तो स्वयंपाकाच्या खोपीत गेला. दुसरा पाद्रीणबाईंच्या टोपलीत. बारा बॉल टाकले, एकाही बॉलला ती हलली नाही, इतकी घाबरली होती. उलट म्हणत होती, “सरळ टाका मावशी, सरळ. इकडे, या काठीवर.” मला चिडवायला. मी मुळीच चिडले नाही. बाहेर गेलेल्या बॉलचा एकेक रन द्यायचा असा अंपायरचा हट्ट, त्यातच त्यांचे रन झाले.

मग आमची बॅटिंग. पेपेचा एक सोपा कॅच त्यांच्या तिघींनी सोडला. एकीने तर हातात आलेला खाली ठेवला. जेवून हात तेलकट असतील.

हरलो. पण फक्त चार रनांनी!

पेपे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “आई, चारच. अब्रू राहिली. आता पुरे. सिएनी वाट बघतेय.” मी म्हटलं, वेडे, चार रन म्हणजे घोडंमैदान जवळ आलं. आता सोडायचं?

पुन्हा म्हटल्यावर त्यांची एक तरणी सून मटकन बसली आणि रडायलाच लागली. खेळाचं एवढं वेड आजकालच्या पोरींमध्ये बघून बरं वाटलं.

शनिवार, १६ नोव्हेंबर. पहाट.

आजचा बेत घट्ट. सातला मॅच. दहाला जिंकतो. गाठोडं बांधून माडाखाली ठेवलंय: पांढरा झगा, टोपी, आणि बाळासाठी विणलेली, शालीसारखी मऊ बारीक चटई, आमच्यात मानाला हीच देतात. वर्ष गेलं त्या चटईत, डोळे गेले. बंदराला जाणारी शेवटची बस तीनला, बोट चारला. उद्या सकाळी बाळ माझ्या मांडीवर.

संध्याकाळ.

मॅच लांबली. मध्ये पाहुण्यांना जेवायला घालावं लागतं, ते मी धरलं नव्हतं.

बस खेळपट्टीच्या कडेला येऊन उभी राहिली तेव्हा त्यांना जिंकायला तीन रन हवे होते, आणि बॉल माझ्या हातात. ड्रायव्हर ओरडला, “आजी, येताय ना?” मी म्हटलं, थांब रे, दोन बॉल. तो म्हणाला, “बोट माझ्यासाठी थांबत नाही, मी तुमच्यासाठी किती थांबू?” पेपेने माझं गाठोडं बसच्या पायरीवर नेऊन ठेवलं. दोन्हीकडच्या बाया मला म्हणायला लागल्या, जा आजी, जा मावशी, आम्ही बघतो. लानुओला बॅट टाकून हात जोडायची तेवढी राहिली होती.

पण असा अर्ध्यातून बॉल दुसरीच्या हातात देऊन कुणी जातं का?

दोन बॉल टाकले. दुसरा लानुओलाने मारला तो मोठ्या नीरफणसाच्या झाडावरून गेला. मी वळून बघितलं तर रस्त्यावर नुसती धूळ. आणि माझं गाठोडं, खाली ठेवलेलं.

‘पुन्हा’ म्हटलं. आता म्हटलं काय आणि नाही काय. उद्या रविवार, उद्या खेळ नाही, परवा खेळू.

सिएनी माझ्याशिवाय नाव ठेवणार नाही. माझ्या हातची पोर आहे.

रविवार, १७ नोव्हेंबर. चर्चनंतर.

फोन आला. पेपेने घेतला, आणि माझ्या हातात दिला.

सिएनी म्हणाली, “आजी, मी शेवटपर्यंत दाराकडे बघत होते गं. पाद्रीसाहेब दोनदा थांबले.”

मी विचारलं, नाव?

फुआतिनो.

इथे तीनदा लिहून बघितलं. मला त्या नावातलं एकही अक्षर नीट काढता येत नाही.

तसं नाव म्हणजे काय, हाक मारायला असतं. मी तिला वेगळ्या नावाने हाक मारीन. सिएनीने आणखी एक सांगितलं. नातजावयाची कागदपत्रं आली. शनिवारी, तेवीसला, तिघं ऑकलंडला जाणार, लेकीकडे. कायमचीच. म्हणाली, “आजी, शुक्रवारी दुपारच्या बोटीने ये. एक रात्र तरी तिला जवळ घेऊन झोप.” येते म्हटलं. काही झालं तरी येते. आता खरंच कानाला खडा.

लानुओलाने माझ्याकडे न बघता माझ्या पायांना तेल चोळून दिलं.

सोमवार, १८ नोव्हेंबर. दुपार.

हरलो. रन मोजले नाहीत.

मी आज ‘पुन्हा’ म्हणणार नव्हतेच, पण मला ते न म्हणायचीसुद्धा संधी मिळाली नाही. शेवटचा बॉल पडला, मी घसा साफ करायला तोंड उघडलं, तेवढ्यात पेपेने शिट्टी फुंकली आणि दोन्ही गावांच्या बाया एकदम निरोपाचं गाणं म्हणायला लागल्या. इतक्या मोठ्याने! ढोल, टाळ्या, पाद्रीणबाईसुद्धा. कडव्यामागून कडवं, मध्ये श्वास घ्यायला फट नाही. मला वाटतं आमच्या गावात असं गाणं कधी झालं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

निरोपाला काहीतरी द्यायलाच हवं. घरात चटई उरली होती ती एकच, गाठोड्यातली. लानुओलाच्या खांद्यावर घातली. ती घेईना. म्हणाली, “मावशी, ही बाळाची आहे.” मी म्हटलं, घे गं, बाळाला शुक्रवारी मी स्वतः भेटणारच आहे.

सगळ्या बसमध्ये बसल्या. सगळ्यात आधी ती रडकी सून. लानुओला खिडकीतून हात हलवत म्हणाली, “येऊ मावशी पुन्हा कधीतरी.”

आता ‘कधीतरी’ ऐकून पाहुण्यांना सोडायची आपली रीत आहे का? लोक काय म्हणतील, म्हातारीने जा म्हटलं आणि या म्हटलं नाही. मी दाराची दांडी धरली. कधीतरी म्हणजे कधी? दिवस सांग, म्हटलं. लानुओला खांद्यावरची चटई सारखी करत राहिली. पेपे मागून म्हणाली, “आई, दांडी सोडा.” ड्रायव्हरने भोंगा वाजवला. मी सोडेना, बस निघेना, आणि वडीलधाऱ्या माणसाला ती बिचारी नाही कशी म्हणणार?

शेवटी खाली बघून म्हणाली, “येतो, मावशी. शुक्रवारी.”

बस गेली. पेपे अजून खेळपट्टीवरच बसलीय, उन्हात.

बोट दुपारची आहे. सातला सुरू केली तर दहाला मॅच संपते. एकच खेळायची.

पाहुण्या येणार: शुक्रवार, २२ नोव्हेंबर, सकाळच्या बसने. बावीस जणी.