शनिवारची पट्टी

दि. ४ मार्च

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

फोनवर आपली गाडी ‘जेवलीस का’च्या पुढे जात नाही, म्हणून लिहिते आहे. घाबरू नकोस, सगळं होऊन गेलंय.

माझ्या डोक्यावर, भांगाच्या जरा डावीकडे, एक खपली होती. कंगवा लागला की रक्त यायचं. तलावाच्या काठावर तीस वर्षं मुलांना पोहायला शिकवत, शिट्टी फुंकत उन्हात उभी राहिले, त्याचं हे बक्षीस. तुकडा तपासला तर कातडीचा कॅन्सर निघाला. अंगभर पसरणाऱ्यातला नाही, हे आधी वाच आणि मग पुढे जा. तो शब्द ऐकून मला काहीच वाटलं नाही. माझा लेक गेल्यापासून, या दीड वर्षात, कशाचंच काही वाटत नाही, त्यातलंच हे एक.

डॉक्टरीणबाईंनी ते सगळं काढलं. आता तिथे बशीतल्या खळग्याएवढी उघडी जागा आहे. टाळूची कातडी ताणून शिवता येत नाही म्हणे. मांडीची काढून लावायची, तर एकाच्या दोन जखमा. म्हणून बाईंनी माशाची कातडी लावली. थंड समुद्रातल्या माशाची, साफ करून वाळवलेली. दिसायला पुठ्ठ्यासारखी, पण सलाइनमध्ये भिजवली की मऊ पडते. तिच्या आधाराने आपलं मांस भरत येतं आणि ती हळूहळू विरून जाते. जागा बधिर केली होती, त्यामुळे कात्रीचा आवाज तेवढा ऐकला. तलावाचा रखवालदार म्हणाला, शिट्टीबाई, आता पाण्यात उतरताना आधी गळ बघा.

दर शनिवारी दवाखान्यात पट्टी बदलायची आहे. मी एकटी जाईन, तू येऊ नकोस. आहे ती माया असू दे.

तुझी,
आई


दि. ९ मार्च

ती. आईंना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दुकानातच वाचलं. एका आजोबांच्या चष्म्याला काचा बसवत होते. वाचून घडी घातली, काचा बसवल्या, पावतीही केली. मग लक्षात आलं की डावी काच उजवीकडे गेली आहे. त्याच्या अंत्यविधीच्या दिवशीही मी असाच आधी गॅसचा ओटा पुसून ठेवला होता. तुम्ही पाहिलंत.

ऑपरेशन होऊन गेल्यावर कळवलंत, याचा मला राग यायला हवा होता. आला नाही. पण येऊ नकोस म्हणालात ते मी ऐकणार नाही. तुमच्याशी वाद घालण्यापेक्षा चार तासांचा प्रवास सोपा आहे. शनिवारी सकाळच्या गाडीने निघते. शेजारणीच्या मांजरीला तोवर तुमच्या उशीपासून लांब ठेवा.

लोभ आहेच, तो माझ्याही वाट्याला असाच येऊ द्या.

तुमची,
सून


दि. १७ मार्च

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

परवा तुला स्टेशनवर सोडून आले तेव्हापासून हे पत्र मनात लिहिते आहे.

पहिल्या पट्टीच्या दिवशी सिस्टरने सहज विचारलं, घरी कोण कोण असतं. मी म्हटलं, एक मुलगा आहे, कामासाठी बाहेरगावी असतो. तोंडातून निघून गेलं. नंतर दुरुस्त करायचं राहिलं. तुला आधी सांगायला हवं होतं, दवाखान्याच्या दारापर्यंत धीर झाला नाही. आणि सिस्टरने तुला विचारलं, मिस्टर कधी येणार. तू माझ्याकडे बघितलंस, पुढच्या महिन्यात म्हणालीस आणि बाकावरची माझी पिशवी उचललीस. वाटेत भाजी घेतली, रिक्षा केली.

रागावली असशील तर तसं लिही. पट्टीखाली पिवळट, बुळबुळीत दिसतं, ते पुसायचं नाही, तीच ती कातडी विरते आहे, असं सिस्टर म्हणाली. ती हळुवार हाताची आहे गं. तिच्याशी खोटं बोलायला नको होतं.

तुझी,
आई


दि. १३ एप्रिल

ती. आईंना सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. प्रत्येक शनिवारी भेटत होतो, तरी हे समोर बोलता आलं नाही.

मी रागावले नाही. उलट मीच त्यात भर घातली, तुम्ही ऐकतच होतात. आधी सांगितलं, रोज फोन येतो. मग त्याच्या खोलीत पंखा नाही, घरमालक खडूस आहे. आणि काल, तुमच्या डोक्यावर माशाचा दुसरा तुकडा बसवून झाल्यावर, मी सिस्टरला सांगितलं की त्याला सर्दी झाली आहे. ती म्हणाली, गरम पाण्याची वाफ घ्यायला सांगा. मी बरं म्हटलं.

परतीच्या गाडीत माझ्या लक्षात आलं की मला त्याच्या सर्दीची काळजी वाटते आहे. खरोखर वाटते आहे. इतके महिने छातीत काही हललं नव्हतं, ते एका नसलेल्या सर्दीने हललं. आई, मला भीती वाटली. सिस्टरसमोर मी तोंड उघडलं की तो असतो, आणि मला तेच हवंसं वाटायला लागलंय. माझ्याने हे थांबणार नाही. तुम्ही तिला खरं सांगा. तोवर मी येत नाही. रोज फोन करेन, ‘जेवलात का’पुरता.

राग धरू नका, माया तेवढी धरा.

तुमची,
सून


दि. ९ जून

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तू आली नाहीस, मी बोलावलं नाही. खरं सांगायचं तर मलाही जमत नव्हतं. प्रत्येक शनिवारी ठरवून जायचे आणि मान खाली घालून पट्टी करून यायचे.

परवा शेवटची पट्टी निघाली. जखम भरली. गुलाबी, गुळगुळीत जागा आहे, तिथे केस येणार नाहीत. कडा स्वच्छ आहेत, आता सहा महिन्यांनी दाखवायचं. सिस्टर खुशीत होती. म्हणाली, आता मुलगा आला की त्याला दाखवा, आई किती शूर आहे ते.

मी म्हटलं, तो गेला.

तिला वाटलं, येऊन परत कामावर गेला. तिने विचारलं, अहो कधी, मला भेटवलं नाहीत. मग मला पुन्हा सांगावं लागलं, नीट, ‘वारला’ म्हणून. तो शब्द मी आजवर कोणापुढे काढला नव्हता. तुझ्यापुढेही नाही.

तिने कात्री ट्रेमध्ये ठेवली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. नव्या कातडीला स्पर्श कळत नाही, तिच्या हाताचं वजन तेवढं कळलं. मग तिने विचारलं, कसा होता तो. पुढचा पेशंट दारात ताटकळत उभा होता, तरी मी सांगत बसले. तो शाळेत जोडे उलटे घालून जायचा तेही सांगितलं. तू सांगितलेल्या त्याच्या सर्दीचा तिने विषय काढला नाही. तुला नमस्कार सांगितलाय.

रडू आलं नाही. बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसले. घरी येऊन त्याच्या खोलीची खिडकी उघडली. खूप धूळ आहे गं, माझ्या एकटीच्याने होणार नाही.

आता पट्टी उरलेली नाही. तरी शनिवारी ये.

तुझी,
आई